आईकडचे रंग

सखूने आयुष्यात नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती, पण हळदीचा पिवळा रंग उतरवून ठेवणारा हा पहिलाच.

नेरूळच्या त्या स्टुडिओत एसी असा गार, की टोपलीभर मासळी आरामात टिकली असती. आशुतोष नावाचा तो फोटोवाला तिला लेकीच्या लग्नाचा अल्बम कॉम्प्युटरवर दाखवत होता. तिने पास केला की छापायला जाणार. सखू त्यासाठी पावणे गावाहून मुद्दाम ठेवणीतली पोपटी साडी नेसून आली होती, लग्नात नेसलेलीच. आणि समोर बघते तर काय, सगळा गाव पेजेत बुचकळून काढलेला.

"यो कंचा आजार झालाय सगल्यांना?"

"सॉफ्ट टोन आहे काकू. डोळ्यांना रिलॅक्स वाटतं. हल्ली सगळे हेच मागतात."

रिलॅक्स म्हणे. आगऱ्याच्या हळदीत रिलॅक्स कोण असतं? बायकांनी धवल्याची गाणी गात जात्यावर हळद दळलेली, बेंजोने मांडव हलत होता, जागृती तर नवरी असून सगळ्यांच्या पुढे नाचली होती. त्या हळदीची ह्या शहाण्याने साय करून टाकली. जावेची राणी रंगाची साडी विटक्या परकरासारखी दिसत होती.

"डोले हायेत का बटनं?" सखू म्हणाली. "ही माजी साडी बग. आन ती फोटूतली बग. शिली भाजी केलीस तिची."

आशुतोष कसनुसं हसला. सखूला त्याच्या हसण्याचीही कीव आली. हाच अल्बम जागृतीच्या सासरी, इथल्याच फ्लॅटात, टीपॉयवर पडणार होता. येईल-जाईल तो चाळणार. सखूचा मांडव, तिचं गणगोत, तिने हौसेने केलेलं कार्य त्यांना कसं दिसणार, ते ह्या अल्बमवरच होतं.

"पुडं चल."

पुढचं पान नवऱ्याकडचं निघालं. विहीणबाई वैजयंती जांभळ्या पैठणीत उभ्या होत्या, आणि पैठणी चांगली जांभळीच्या जांभळी. शेजारी जागृती, पिवळा शालू, हातात हिरवागार चुडा.

सखूने त्याला मागे जायला लावलं, पुन्हा पुढे. सगळीकडे तोच प्रकार. सासरचे ठसठशीत, माहेरचे फिके.

"हितं कुटं गेला तुजा रिलॅक्स?" तिने विचारलं. "फ्लॅटवाल्यांना रंग आन आमाला राख. आमची लाज वाटली काय रं तुला?"

"माझं डोकं नाही हे, काकू."

"मंग कोनाचं?"

त्याने नुसतंच पुढचं पान उघडलं. सखू उठायचं नाव घेईना. "नाव सांग. नायतर पावन्यात तुला बारशालासुदीक कोन बोलावनार नाय."

शेवटी वैतागून त्याने मोबाईल काढला आणि एक व्हॉइस मेसेज लावला. आवाज जागृतीचा होता, गोड, सासरी शिकलेला.

"दादा, अल्बममध्ये आईकडच्यांचे कलर खूपच भडक आलेत. ते जरा शांत करा ना. सासरच्यांचे आहेत तसेच राहू द्या. आणि आईला सांगू नका, प्लीज."

सखूला रडू आलं नाही. राग आला, आणि रागामागून किळस. नाच नाच नाचलीस गं बये, आणि आता आमचं पिवळं तुला खुपतं.

"सॉरी, काकू," आशुतोष म्हणाला. "तुम्ही म्हणत असाल तर सगळं पहिल्यासारखं करतो."

"नको. तिनं सांगितलंय तसंच कर. आईकडची सगली शांत." सखूने पुढे वाकून विहीणबाईंच्या शेजारी बोट टेकवलं. "हिला इसरलास."

"ती तर नवरी आहे. सासरच्यांत उभी आहे, एकटीच फिकी दिसेल."

"दिसू दे," सखू म्हणाली. "माज्याकडचीच हाय ती."