सहा माणसांचं उष्टं

म्हाताऱ्या सुताराने अंगणात डुकरासाठी कुंपण घातलं खरं, पण जात कोणती घ्यायची इथे त्याचं घोडं अडलं होतं. डुकरं विकणाऱ्या बाईने त्याला दोन पिल्लं दाखवली.

"हे काळं बुटकं गवतावर भागवतं. हे पांढरं मात्र खादाड, त्याला रोज बादलीभर उष्टं-खरकटं लागतं. घरात खाणारी तोंडं किती, काका?"

"सहा," सुतार सवयीने बोलून गेला.

"मग पांढरंच न्या, डोळे झाकून."

पिल्लू घेऊन निघाल्यावर त्याने जीभ चावली. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि चारही मुलं दूरदेशी आपापल्या संसारात होती. त्याच्या स्वयंपाकघरातून दिवसाकाठी निघायची एका बटाट्याची सालं. परत फिरावं, तर बाईला खरं सांगावं लागलं असतं. तेवढं त्याच्या जिवावर आलं.

संध्याकाळी पिल्लाने ओरडून घर डोक्यावर घेतलं. "गप रे भस्म्या!" म्हणत सुताराने माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं, घासलं आणि सहा माणसांचं रांधलं. आपल्यापुरतं वाढून घेऊन तो जेवला.

वर मुलांच्या खोल्यांकडे हाक मारल्याशिवाय पातेलं पालथं करायचं नाही, ही त्याच्या बायकोची शिस्त होती. तो बादली घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला.

"कुणी जेवायचं राहिलंय का रे?"

अंगणातून पिल्लाने ओ दिली.