कोठ्यातलं इंजिन

धनसिंगनं पान्यावर चढवलेल्या पाइपाला सगळं अंग लावलं. पाइप वाकला, पण इंजिन फिरवायचा नट हलला नाही. इंजिन आपलं फळ्यांवर ढिम्म बसून होतं.

"अजून एक बार," मुन्नालाल मिस्त्री म्हणाला. "धीरे से. झटका नको मारू."

धनसिंगनं पुन्हा जोर लावला आणि कंबरेतून कळ गेली तसा तो मटकन खाली बसला. हैदराबादला बांधकामावरून पडल्यापासून ही कंबर त्याची राहिली नव्हती. ओझं उचलणं कायमचं संपलं होतं. बसून करता येईल असं एकच काम त्याला येत होतं, ते म्हणजे गाडी चालवणं. अंगणात इंजिनावाचून उभी असलेली जीप आणि चार वर्षं गुरांच्या कोठ्यात पोत्याखाली ठेवलेलं हे जुनं इंजिन, एवढ्या दोन गोष्टींवर घराचं पुढचं सगळं येऊन ठेपलं होतं.

सकाळी गिअरबॉक्सनं आशा लावली होती. काळं तेल सांडून डिझेलनं धुतल्यावर सगळे गिअर खटाखट पडले. तेव्हा धनसिंगनं बायकोला, दुर्पताला ओरडून सांगितलंही होतं, की तुझी सवत ठणठणीत आहे. इंजिनाला ती सवतच म्हणायची. हैदराबादहून फोन केला की हा गडी आधी इंजिनाची चौकशी करणार, मग पोरीची, आणि फोन ठेवता ठेवता बायकोची. मग ती तरी दुसरं काय म्हणणार?

"हेड खोलावंच लागन," मुन्नालाल म्हणाला. जाम सुटावा म्हणून नोझलच्या भोकांतून दोन दिवसांपूर्वी ओतलेलं डिझेल मुरलंच नव्हतं.

सिलिंडरवरचं हेड निघालं. वर साचलेलं डिझेल टिपून मुन्नालालनं आत बोट फिरवलं. बोटावर मेणासारखा पिवळट थर निघाला, आणि त्याखाली भिंतीला पडलेले खड्डे दिसले. चारही सिलिंडरची तीच गत. त्यानं बोट नाकाशी नेलं.

"ये क्या डाला भाऊ? हे इंजिनाचं तेल नाही."

धनसिंगला वास घ्यायची गरज नव्हती. टोरीचं तेल. मोहाच्या बिया वाळवून, घाण्यावर काढलेलं. भाजीला तेच, दिव्याला तेच, आणि पावसाळा आला की कुऱ्हाडीला, विळ्याला, बंडीच्या आसालाही तेच. लोखंड गंजू नये म्हटलं की त्या गावात हात आपोआप त्याच बाटलीकडे जातो. हैदराबादला जाताना त्यानं दुर्पताला सतरा गोष्टी बजावल्या होत्या. गुरं लांब बांध, पोरांना वर बसू देऊ नको. नेमकं हेच सांगायचं राहून गेलं होतं.

"आंबून आंबून लोखंड खाल्लं यानं," मुन्नालाल हळू आवाजात बोलला. "आन् हा ब्लॉक पहिलेच दोन बार बोअर झालेला आहे. आता अजून घासाले त्याच्यात जागा नाही. भंगारात दे. गिअरबॉक्स कोनी बी नेईल."

धनसिंगच्या डोक्यात सणक गेली. तो उठला तो बायकोला झापायलाच. पण ती चहा घेऊन कोठ्याच्या दारातच उभी होती.

"काऊन, फिरून नाही राहिलं का?"

मुन्नालालनं नकाराची मान हलवली. तिचा चेहरा उतरला.

"तेल कमी पडलं असन," ती म्हणाली. "दर पावसाळ्यात भोकातले चिंध्यांचे बोळे काढून बरोबर टाकत होती मी. औंदा टोरीच भेटली नाही. भाजीतलं बंद केलं, प्रियाच्या केसाचं बंद केलं, तरी बाटली भरली नाही. तुमचा जीव याच्यात, म्हनून याले कमी पडू दिलं नव्हतं कधी."

मुन्नालालनं बोलायला तोंड उघडलं. धनसिंगनं त्याचं मनगट दाबलं. राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याला नुसतं रडू येत होतं.

"थांबा," दुर्पता म्हणाली. आत जाऊन तिनं बाटली आणली. तळाला दोन बोटं तेल होतं. "दिव्यासाठी ठेवलं होतं. टाकून पाहा."

मुन्नालाल हात पुसत बाहेर निघून गेला.

धनसिंगनं बाटली घेतली. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको, असं बघून त्यानं चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल ओतलं.

"आता फिरन ना?"

"मुरू दे," तो म्हणाला.

मग त्यानं एक टोक धरलं, तिनं दुसरं धरलं, आणि दोघांनी मिळून इंजिनावर पोतं पांघरलं.