बंद न केलेली करवत

बाहेर उणे अठ्ठावीस अंश, आणि टाउनो म्हातारा सकाळपासून करवतीशी झटत होता. पेट्रोलवरची चांगली दणकट करवत, पण आज दोरी ओढली की नुसती खोकायची आणि गप्प. दहाला मुलगी मार्युत येणार होती. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, तुमची लाकडं तुम्हाला कापता येतायत हे मला डोळ्यांनी बघायचंय. नाही तर कायानी शहरात तुमच्यासाठी फ्लॅट बघून ठेवलाय."

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून कापतोय मी!" फोनवर रुबाब केला खरा, पण रात्री घाबरून त्याने करवत स्वयंपाकघरात चुलीशेजारी नेऊन ठेवली. गारठायला नको म्हणून! जन्म जंगलात गेला, पण भीतीपुढे अक्कल चालली नाही. उबेतली करवत थंडीत नेली की आत दव धरून गोठतं, हे तो स्वतःच लोकांना ओरडून सांगायचा.

"सैताना!" तो करवतीवर खेकसला. झाकण उघडलं तर फिल्टरवर पांढरा बर्फ. तो झटकला. चोक ओढून इतक्यांदा दोरी खेचली होती की प्लग पेट्रोलने चिंब. तो पुसून मुठीत गरम केला. इंजिनाची ऊब आत घेणारी हिवाळ्याची झडप उघडायचीही राहिली होती, ती उघडली. नजर सारखी रस्त्याकडे. आली का? दहा कधीच वाजून गेले. अजून कशी नाही आली? आणि आत्ता आली तर?

पुन्हा दोरी ओढली. खोकली. या वेळी त्याने लगेच चोक आत ढकलला, पुन्हा ओढली, आणि करवत गर्जत उठली.

आता ती बंद करायची कोणाची छाती? बंद केली आणि पुन्हा नाही लागली तर? तो कापत सुटला. बर्चचे ओंडके संपले, पाइनचे काढले. मार्युत अंगणात येऊन ओरडली, "बाबा, बंद करा की ती!"

"काय? ऐकू येत नाही!" चांगलं ऐकू येत होतं.

शेवटी पेट्रोलच संपलं. अंगण एकदम शांत झालं, आणि त्याला पळून जावंसं वाटलं. आता ही म्हणणार, पुन्हा सुरू करून दाखवा.

पण मार्युतचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते.

"गाडीतून आलीस ना? मग एवढी कशी गारठलीस?"

"वळणावर थांबले होते. इंजिन बंद करून, म्हणजे तुम्हाला कळू नये." तिने मान खाली घातली. "तुमच्या शिव्या ऐकत बसले. करवत सुरू झाली, तेव्हा आले."

"आणि झालीच नसती तर?"

"परत गेले असते. गाडी बिघडली म्हणून फोन केला असता."

टाउनोने आपले हातमोजे काढून तिच्या हातांत चढवले, जरा रागानेच.

"पुढच्या वेळी सरळ आत ये," तो म्हणाला. "आणि दोरी तू ओढ."