चिंचेखालची हिरवळ

डेव्हिड साळवे ओणवे होऊन चिंचेखालची माती बोटांनी चाचपत होते. काल सकाळी इथं गवताचे कोवळे कोंब होते, त्यांनी स्वतः चष्मा लावून पाहिले होते. आज एकही नव्हता. कुजलेला नाही, पिवळा पडलेला नाही, किडीनं खाल्लेलाही नाही. जागा नुसती साफ होती.

“पुन्हा गेलं?” ओट्यावरून त्यांच्या बायकोनं, रेबेकाबाईंनी विचारलं. त्या मेथी निवडत होत्या.

“गेलं.”

“सावली लई हाय ना तिथं,” म्हणून त्यांनी पुन्हा मेथीत मान घातली.

कृषी खात्यात हयात काढलेल्या माणसाला स्वतःच्या अंगणात गवत आणता येऊ नये, हा राहुरीच्या त्या गल्लीत चेष्टेचा विषय झाला होता. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून विचारपूस करी, घरात कुणी आजारी असल्यासारखी. डेव्हिडसाहेब हसून वेळ मारून नेत, पण मनातून त्यांना फार लागे.

सावलीत गवत येतच नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. हरळी येत नाही, तिला ऊनच लागतं. पण रुंद पानाचं सावलीतलं गवत येतं, त्याच्या कलानं घेतलं तर. म्हणून त्यांनी चिंचेच्या खालच्या फांद्या उतरवल्या, सकाळचं तिरपं ऊन आत यावं एवढ्यासाठी. मुळांनी आवळून धरलेली माती सैल केली, शेणखत घातलं. पाणी बेतानं आणि सकाळीच द्यायचं, कारण सावलीतली ओल लवकर हटत नाही. कापायचं तर उंच ठेवून कापायचं. चिंचेचा बारीक पाला गवतावर साचू द्यायचा नाही, हे काम त्यांनी रेबेकाबाईंकडे दिलं होतं आणि त्या एक दिवसही चुकत नव्हत्या.

गवत आलंही होतं. न्हाणीमागं, जिथं ऊन जेमतेम डोकावतं, तिथं ते मऊ, गडद, घोट्याला लागेल इतकं माजलं होतं. भिंतीच्या कडेनं आलं, चिंचेच्या बुंध्याला टेकूनही आलं. चिंचेच्या सावलीतला, फाटकासमोरचा एकच तुकडा उघडा राहिला. एखादी बाज टाकावी आणि तिच्याभोवती माणसं उभी राहावीत, एवढा. सावली दिवसभर सरकत जाई, तो तुकडा मात्र जागचा हलत नसे.

अलीकडे त्या तुकड्याकडे पाहिलं की डेव्हिडसाहेबांना कसंतरीच होई. भर दुपारीसुद्धा ते तिथून जाताना नकळत वळसा घालत. कुणीतरी तिथं आहे आणि आपला पाय त्याच्यावर पडेल, असं वाटे. एकदा आपली चप्पल तिथं पडलेली पाहून त्यांनी ती घाईघाईनं उचलली, आणि मग स्वतःवरच चिडले.

“साहेब, चिंचंखाली कायतरी हाय,” शेजारच्या रतनबाई कुंपणावरून म्हणाल्या. “तुमी मानत न्हाई, पर हाय. एक नारळ ठिवा.”

“आमच्यात नारळ नसतो, रतनबाई.”

“मग तुमच्यात काय आसंल ते ठिवा की. आमचं काय म्हननं न्हाई.”

रविवारी नातवाचा बाप्तिस्मा होता. मुलगा जोएल पुण्याहून बायको-मुलाला घेऊन येणार होता. चर्चमधून सगळी मंडळी घरी जेवायला यायची होती आणि पंगत अंगणातच बसायची होती. जोएलनं फोनवर तोडगाही काढून टाकला.

“बाबा, हिरवं कार्पेट मिळतं आता. टेम्पोतून गुंडाळून येतं, अंथरलं की झालं. पाणी नको, ऊन नको.”

“प्लॅस्टिकवर मी कुणाला जेवायला बसवणार नाही,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांना खरं गवत हवं होतं, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ग्लोरिया गेली. ती त्यांची थोरली लेक, शिर्डीला नर्स होती. तेव्हापासून ह्या अंगणात कुणी हसत जेवलं नव्हतं. त्या उघड्या मातीवर नातू रांगायला लागला तर आपल्याला तिथं दुसरंच कुणी दिसेल, अशी भीती त्यांच्या मनात बसली होती. ती भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, बायकोला तर नाहीच.

त्या आठवड्यात त्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून न्हाणीमागच्या गवताचे ठोंब काढले आणि उघड्या तुकड्यात जवळजवळ लावले. वरून पसरायला पोयट्यात शेणखत मिसळून घमेलं भरून ठेवलं. अंधारून आलं होतं, म्हणून ते काम सकाळवर टाकलं.

सकाळी ते किटली घेऊन दुधाला गेले. दूध घ्यायचं आणि पाटाच्या कडेनं लांबचा फेरा मारून यायचं, हा त्यांचा नेम. पण त्या दिवशी पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलं होतं आणि कडेच्या वाटेवर नुसता चिखल झाला होता. ते तसेच माघारी फिरले.

फाटकातून त्यांना रेबेकाबाई दिसल्या. पदर खोचून त्या उकिडव्या बसल्या होत्या आणि काल लावलेले ठोंब एकेक करून, मुळासकट, अलगद उपटून सुपात ठेवत होत्या. त्यात राग नव्हता. तांदळातले खडे वेचावेत तसं त्यांचं चाललं होतं. सगळे निघाल्यावर त्यांनी खराट्यानं जागा झाडली, तांब्यातलं पाणी हातानं शिंपडलं आणि मागं सरून पाहिलं. एक काडी राहिली होती, ती वाकून उचलली.

डेव्हिडसाहेबांना गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावंसं वाटलं. त्यांनी फाटक ढकललं. पण रेबेकाबाई दचकल्या नाहीत, आणि ओरडणं राहूनच गेलं.

“रेबेका, हे तू करतेस? रोज?”

“व्हय.”

“का गं?”

“तुम्हीच सांगितलं होतं की. शिर्डीवरनं फोन केला होता तुम्ही. म्हणालात, आणतोय तिला, अंगण झाडून ठेव.”

त्यांनी फोन केला होता, हे खरं होतं. माणूस गेलं की त्यांच्यात आधी घरी आणतात. अंगणात पेटी ठेवतात, गीतं म्हणतात, सगळे शेवटचं तोंड बघतात आणि मग चर्च आणि कबरस्तान. त्या दिवशी दवाखान्यातले आधी तिला ताब्यात देतो म्हणाले होते. मग तासाभरात हुकूम फिरला आणि गाडी परस्पर कबरस्तानात गेली. संध्याकाळी डेव्हिडसाहेब एकटेच परत आले, ‘झालं’ एवढंच म्हणाले आणि न्हाणीत शिरले. त्यानंतर त्या दिवसाविषयी दोघांत एक शब्द झाला नाही. रेबेकाबाई कबरीवर कधी गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या.

“ती येणार नाही, रेबेका.”

“मला काय कळत न्हाई व्हय? येडी न्हाई मी. पण झाडायचं थांब, असं कुठं सांगितलंत तुम्ही? अंगात ताप होता माझ्या, तशी उठून झाडलं. सतरंजी टाकली. गाडीचा आवाज आला की फाटकाकडं बघायचे. दिवसभर बघत हुते. आन् तुम्ही आलात ते आंघोळीलाच गेलात.”

डेव्हिडसाहेबांनी किटली खाली ठेवली आणि ते तिथंच मातीत बसले. मग सांगायला लागले. पांढऱ्या प्लॅस्टिकात बांधलेली होती, तोंड त्यांनाही दाखवलं नाही. पाळकसाहेबांना येऊ दिलं नव्हतं, त्यांनी फोनवरून प्रार्थना केली, तीही मधेमधे तुटत होती.

“गीत म्हटलं का कुणी?”

“मी म्हणायला गेलो. एक ओळसुद्धा पुरी झाली नाही.”

“माती कुणी टाकली?”

“जेसीबीनं लोटली. मूठभर टाकू द्या म्हणालो मी. लांब व्हा म्हणाले.”

एवढं बोलून ते रडले. बायकोसमोर, लहान मुलासारखे, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. रेबेकाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग डोळे पुसून त्यांनी सूप पुढं ओढलं.

“किती खोल लावायचं?”

“मूळ झाकेल एवढंच.”

दोघांनी मिळून ठोंब पुन्हा लावले. रेबेकाबाईंचे गुडघे दुखत होते, ते आता खरंच दुखत होते, पण त्या उठल्या नाहीत. शेवटचा ठोंब दाबून झाल्यावर डेव्हिडसाहेबांनी घमेलं आणलं आणि सवयीनं फावड्याकडे हात नेला.

“फावडं नको,” रेबेकाबाई म्हणाल्या.

त्या कष्टानं उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घेतला, घमेल्यातली माती मुठीत घेतली आणि वाकून हळूहळू सोडली. मग घमेलं नवऱ्याकडे सरकवलं. डेव्हिडसाहेब कडेलाच उभे होते, हात पुढं करून, पण पाय उचलत नव्हता.

“या,” रेबेकाबाई म्हणाल्या. “जवळ या.”