पातेल्याचा खरखराट

मंगळवारी सकाळी अकरा वाजता खानावळीला सील लागलं.

पाहुणा नेहमीसारखा त्याच वेळी, डोळे चोळत न्याहारीला उतरला. तो एका साप्ताहिकात लिहायचा. परक्या शहरात दोन-तीन महिने खोली घेऊन राहायचं, गल्लीबोळांतल्या साध्या खानावळींत जेवायचं आणि दर आठवड्याला त्यावर लेख धाडायचा, हे त्याचं काम. इथली खोली खानावळीच्या बरोबर वर होती. खाली चुलीपाशी काकू आणि गल्ल्यावर त्यांचा दीर. गर्दीत पाहुण्याची खुर्ची जाऊ नये म्हणून काकू तिच्यावर आपली कापडी पिशवी ठेवायच्या.

आज दारात आरोग्य खात्याचे अधिकारी उभे होते. हातात साप्ताहिकाचं पान. त्यांनी मोठ्याने वाचलं, "'या सुपाचं पातेलं वर्षानुवर्षं रिकामं झालेलं नाही. कालच्या सुपातच आजचं पाणी पडतं. पहाटे उभा राहून मी हे स्वतः पाहिलं.'"

"अहो साहेब, रोज पहाटे घासते मी ते," काकू म्हणाल्या.

"मग यांनी काय स्वप्नात पाहिलं?"

दिराला पाहुणा दिसला. त्याचा चेहरा उजळला. "हे बघा, आलेच! पाहुणे, सांगा हो साहेबांना. तुम्ही तर वरच राहता."

पाहुण्याने अधिकाऱ्यांच्या हातातल्या पानाकडे पाहिलं. तो कधी अकराच्या आत उठलाच नव्हता. पातेलं रोज उकळत असलेलंच दिसलं, लेख त्याच संध्याकाळी द्यायचा होता, आणि वाक्य झकास जमलं होतं. पहाटे खालून खरखराट यायचा, त्याची झोप मोडायची. तो उशी कानावर दाबायचा. एकदा त्याने चिडून विचारलंही होतं, "एवढं काय खरवडता हो पहाटे?" दीर हसून म्हणाला होता, "एकदा उठून बघा की!"

न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिणाऱ्याला साप्ताहिक दारात उभं करत नसे. त्याच्या आधीचा लेखक त्यापायीच गेला होता.

"लेखात थोडी शैली असते, साहेब," तो पुटपुटला.

"शैली राहू द्या. पाहिलंत की नाही?"

"लेख माझाच आहे."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. "गुरुवारी दहाला सुनावणी. काही सांगायचं असेल तर तिथे समोर येऊन सांगा."

ते गेल्यावर दीर म्हणाला, "झोपमोड व्हायची ना तुमची? आता निवांत झोपा."

"भावजी, पुरे," काकू म्हणाल्या. मग पाहुण्याकडे वळल्या. "उपाशीच असाल. पण आत हात लावता येत नाही आता. कोपऱ्यावर पाव मिळेल."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो पाव न घेताच जिना चढला.

दुपारी संपादकांचा फोन आला. "खानावळीला सील लागलं म्हणे! पातेल्याचं तू पाहिलं होतंस ना रे?"

"हो," पाहुणा म्हणाला. फोन ठेवल्यावरही कान तापलेलेच राहिले.

गुरुवारी पहाटे त्याला आपसूक जाग आली. खालून आवाज नव्हता. उशी बाजूला सारून तो उजाडेपर्यंत कान देऊन बसला.

दहाच्या सुमारास तो आरोग्य खात्याच्या कचेरीचा जिना चढला आणि शेवटच्या वळणावर थांबला. तिथून वरचा व्हरांडा दिसत होता. भिंतीलगत तीन खुर्च्या. एका कडेला दीर, दुसऱ्या कडेला काकू, रोजची घरचीच साडी. दोघं सुनावणीच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. मधल्या खुर्चीवर कापडी पिशवी होती. कुणीतरी बसायला आलं, तर काकूंनी हाताने अडवलं. "येतायत हो एक जण."

साडेदहाला शिपायाने खानावळीचं नाव पुकारलं. काकू उठल्या. पिशवी त्यांनी खुर्चीवरच राहू दिली.

पाहुणा तेव्हा जिन्यातच होता.