मागची टाकी

पिकअपखाली आडवं पडून वेल्डाने जॅकवर लाकडाची फळी ठेवली, ती पेट्रोलच्या टाकीच्या पोटाला टेकेपर्यंत जॅक वर घेतला आणि मगच टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट हलेना. तिने एक पाय मागच्या चाकाला टेकवला, दात आवळले आणि जोर केला. गंजाचा भुगा तिच्या गालावर पडला.

"मी येऊ का खाली?" आर्विडने बाहेरून विचारलं. तिला त्याचे फक्त बूट दिसत होते.

"तू खाली आलास तर तुला बाहेर काढायला आणखी एक जॅक लागेल."

बूट हसल्यासारखे जरा हलले.

आर्विडची पिकअप दोन टाक्यांची होती. पुढच्या टाकीचा पंप ठणठणीत होता, मागचा उन्हाळ्यात बंद पडला. डॅशबोर्डवरचा खटका मागच्या टाकीकडे वळवला की इंजिन चार आचके देऊन मरायचं. पण त्याने काही अडत नव्हतं. गाव सत्तावीस मैलांवर, आणि एका टाकीत गावाच्या तीन फेऱ्या सहज व्हायच्या. मोंटानाच्या या कोपऱ्यातल्या माणसाला त्याहून लांब जायचं फारसं कारण नसे. म्हणून परवा तो नवा पंप खोक्यात घेऊन तिच्या शेडपाशी उभा राहिला, तेव्हा वेल्डाने 'आता का?' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

दोघांच्या घरांमध्ये चार मैल गवत होतं. तिचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, त्याची बायको हेल्गा जाऊन दोन. दर रविवारी आर्विड यायचा, कॉफी प्यायचा, हवेविषयी बोलायचा आणि कपाचा तळ दिसला की टोपी घालायचा. एरवी आठवडाभर तिच्याशी बोलणारं माणूस म्हणजे टपाल टाकणारी बाई, आणि तीही गाडीतून न उतरता.

बोल्ट सुटला. दुसराही सुटला. पेट्रोल त्यांनी सकाळीच डब्यांत काढून घेतलं होतं, बॅटरीची तारही सोडली होती. रिकामी टाकी हळूहळू जॅकवरून खाली आली. दोघांनी ती ओढून उन्हात घेतली. पंप आवळून धरणारी वरची लोखंडी कडी वेल्डाने लाकडी खुंटी आणि हातोडीने ठोकून फिरवली. लोखंडावर लोखंड नको, ठिणगी उडायची. जुना पंप बाहेर आला. त्याची जाळी काळ्या गाळाने भरली होती.

"डोरीन म्हणते, हिवाळा तिकडेच काढ," आर्विड म्हणाला. डोरीन ही त्याची मुलगी, अ‍ॅरिझोनात राहायची. "परसात संत्र्याचं झाड आहे म्हणे."

"तुला संत्री कधी आवडायला लागली?"

"नाही आवडत."

"आणि हिवाळा संपला की?"

त्याने जुना पंप उचलला, उलटा करून पाहिला.

"बघू."

हे 'बघू' वेल्डाच्या ओळखीचं होतं. पलीकडचे हॉगन नवरा-बायको असंच हिवाळ्यापुरते गेले होते. त्यांच्या खिडक्यांना आता फळ्या ठोकलेल्या होत्या.

ती वाकली. नवा पंप टाकीत उतरवताना खाली रबरी कडी बसवायची होती. नवी कडी तिच्या तळहातावर होती आणि जुनी टाकीवरच पडलेली, चपटी, एका जागी तडकलेली. जुनीच बसवली तर टाकी भरताच पेट्रोल पाझरेल, वास सुटेल, तासाभरात गाडी परत दारात. आर्विड पाने पुसत होता. त्याचं लक्ष नव्हतं. वेल्डाचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने जुनी कडी वाळूच्या बादलीत टाकली, नवीला पेट्रोलचं बोट लावलं आणि ती खाचेत चारी बाजूंनी दाबून बसवली.

टाकी वर चढवायला तासभर गेला. पेट्रोल परत ओतलं. आर्विडने बॅटरी जोडली आणि आत जाऊन किल्ली अर्धी फिरवली. वेल्डाने टाकीला कान लावला. आत बारीक गुणगुण झाली आणि थांबली.

"आता चालू कर!"

इंजिन सुरू झालं. खटका मागच्या टाकीवर, आणि एकही आचका नाही. आर्विड बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं आणि तो उतरला.

"गावातल्या गॅरेजवाल्याने दोन तासांत केलं असतं," तो म्हणाला.

"मग गेला का नाहीस त्याच्याकडे?"

त्याने टोपी काढली. आतल्या पट्टीत काही शोधावं तसं पाहिलं.

"वाटलं, तू म्हणशील, ही गाडी एवढ्या लांब जायच्या लायकीची राहिली नाही."

वेल्डाने फडका उचलला. एकेक बोट पुसलं. दहाही पुसून झाली.

"पुढची टाकी पाव उरली की खटका मागे टाक," ती म्हणाली. "कोरडी होऊ देऊ नकोस. पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. नाहीतर जळेल."

"पाव उरली की," आर्विड म्हणाला आणि त्याने टोपी घातली.

गुरुवारी सकाळी ती गाईंना गवत टाकत होती, तेव्हा रस्त्यावर पिकअपचा आवाज आला. तिच्या फाटकापाशी तो हळू झाला. हातातली पेंढी तशीच धरून वेल्डा ऐकत राहिली. इंजिन एका लयीत चाललं होतं. बराच वेळ तिथेच. मग गिअर पडला आणि आवाज दक्षिणेकडे निघाला.

तेव्हा कुठे ती धावली. फाटकाशी पोचली तोवर रस्त्यावर नुसती धूळ होती.

"इथंच राहा," वेल्डा म्हणाली. मोठ्याने, समोरच्या माणसाला म्हणावं तसं.