हजार फॉलोअरचा कडू घास

संयोगिताच्या कथांची फाईल सांगलीत, विश्रामबागला, भरतेश प्रकाशकाच्या टेबलावर तीन महिने पडून होती. ती विचारायला गेली तेव्हा दोरीची गाठ तिनं मारली होती तशीच होती.

"ताई, लिखाण चांगलंच असणार," भरतेश म्हणाला. "पण हल्ली लेखक आधी, पुस्तक नंतर. फेसबुकवर हजार फॉलोअर जमवा, लगेच छापायला घेतो."

चांगलंच असणार! कोरेगावला परतताना एसटीत ती तेच चघळत बसली. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं हजार माणसं आणायची कुठून? लेकीच्या लग्नाला सातशेच आली होती, आणि तीही जेवायला.

तरी लागली कामाला. सकाळी सुविचार, दुपारी कथेचा तुकडा, सांजचा सूर्यास्त. सूर्यास्ताला अंगठे पडायचे, कथेकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. नवरा जयराज फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेला. तो सगळ्यालाच न वाचता अंगठा द्यायचा. "ड्युटी हाय माझी," म्हणायचा. फोन बघता बघता तव्यावरची भाकरी करपायची. आणि लिहिलेलं खपवायच्या नादाला लागल्यापासून नवी ओळ म्हणून तिच्या हातून उतरली नव्हती.

शेवटी ती चौकातल्या पप्पू फ्लेक्सवाल्याकडं गेली. लेखिकेला शोभेलसं चित्र करून दे म्हणाली. पप्पूनं वाढदिवसाचा साचा काढला. सिंह, तलवार, मागं जाळ.

"भडक नको रं. शांत काहीतरी."

"मग तसं सांगा की वहिनी. शांतबी हाय आपल्याकडं."

निळसर ढग, गोलात तिचा पासपोर्ट फोटो, खाली कमळ. मोठ्या अक्षरात नाव, त्याखाली कथेचं नाव, 'शेवटची खेप'. तिला आवडलं. रविवारी सकाळी अख्ख्या कथेसकट फेसबुकवर चढवलं आणि ती दळण घेऊन गिरणीत गेली.

परत येईस्तोवर शेकडो लोकांनी हात जोडले होते. भावपूर्ण श्रद्धांजली. देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो. नणंदेच्या जावेनं, जिच्याशी हिचं कैक वर्षं बोलणं नव्हतं, 'मनानं फार मोठी बाई' असं लिहिलेलं. आणि सगळ्यात वर जयराजचा अंगठा.

"आवं, बायको मेली म्हणून अंगठा देता?"

जयराजनं चष्मा लावला. बोटानं सरकवत खालपर्यंत बघितलं. "आयला. पण गर्दी लय जमलीय गं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजायला लागला. जो तो विचारी, माती कितीला? पहिल्या दोघांना त्यानं खरं सांगितलं. तिसरा म्हणाला, "दाजी, तुमाला धक्का बसलाय, बाजूच्या कुणाकडं तरी फोन द्या." त्यानं फोनच बंद केला.

दुपारी फॉलोअरचा आकडा हजारापल्याड गेला, आणि भरतेशचा फोन संयोगिताला आला.

"ताई, तुम्हीच ना?" खात्री पटल्यावर त्याचा आवाज खुलला. "मग दोन-चार दिवस राहू द्या असंच. अशी संधी येत नाही. मी उद्याच फाईल उघडतो."

"आणि तोवर मी काय करू? मेलेलीच राहू?"

"फक्त कुणाचा फोन घेऊ नका."

ती आडवी झाली. खरं सांगायचं तर तिला ते वाईट वाटलं नाही. सुविचार नको, सूर्यास्त नको. मेलेल्या माणसाला किती आराम! चार दिवस गप पडायचं, की पुस्तक हातात. नाहीतरी जिवंतपणी वाचत होतं कोण?

दारात रिक्षा थांबली. औंधची चुलतसासू बनुबाई उतरली, काखेत बुट्टी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भर उन्हात दोन एसट्या बदलून म्हातारी कडू घास घेऊन आलेली, पिठलं-भाकरी. गळा काढायला तोंड उघडलं, तर समोर संयोगिता.

"तू हायस व्हय गं?"

"हाय, आत्ती."

बनुबाई उंबऱ्यातच बसली. मग रडली. "नातवानं, साईराजनं, मोबाईलमदी फोटू दावला. भाकरी थापताना हात हालंना माझा."

संयोगितानं तिचे पाय धरले. धरून बसली.

"ऊठ. आता चूल पेटवू नगंस. आणलंय ते खावा."

तिघं जेवली. पिठलं गार, मीठ जरा जास्तच.

"त्या फोटूखाली काय गं लिवलं हुतं? साईराज म्हणला, लांबडं हाय, कोण वाचतंय."

संयोगितानं वाचून दाखवलं. म्हैस विकायची वेळ आलेल्या, डेअरीला दुधाची शेवटची खेप घालणाऱ्या बाईची गोष्ट. बनुबाईनं दोनदा थांबवलं, एकदा दूध कमी मापणाऱ्याला शिवी द्यायला, एकदा पाणी मागायला.

"मग? म्हस इकली का तिनं?"

"ते नाही सांगितलं त्यात."

"का? तुला ठावं न्हाई?"

नव्हतंच ठाऊक. तिथं तिनं टिंबं देऊन वेळ मारून नेली होती.

तिनं पप्पूचं चित्र काढून टाकलं आणि लिहिलं, 'मी जिवंत आहे. काळजी नसावी. कथा वाचावी.' सांजपर्यंत फॉलोअर गळायला लागले. नणंदेच्या जावेनं आपलं वाक्य पुसलं. भरतेशचा निरोप आला, 'ताई, घाई केलीत.' फाईलबद्दल त्यात काही नव्हतं.

सूर्यास्त झाला. तिनं फोटो काढला नाही.

"सकाळच्या गाडीनं जाणार मी," सोप्यात लवंडत बनुबाई म्हणाली. "तवर सांग म्हशीचं."

"बघते," संयोगिता म्हणाली आणि चष्मा आणि वही शोधायला उठली.